आधी शब्द, मग हळद

वर्तकनगरच्या माझ्या दुकानाची काच थरथरायला लागली की समजायचं, लग्नसराई आली. कोकिळा, मोगरा, आंब्याची पेटी वगैरे तुमच्याकडे असेल. माझ्याकडे ऋतू डीजेच्या टेम्पोवर बसून येतो. कोपऱ्यावरून वरात वळते, काच थरथरते आणि टेबलावरचे सुट्टे स्क्रू आपोआप नाचत कडेला जातात. मी एका हातानं स्क्रू धरते, दुसऱ्या हातानं कानातला हेडफोन दाबते आणि त्या टेम्पोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. दरवर्षीचं आहे हे, पण यंदा शिव्या जरा जास्तच दिल्या.

सराईत माझं दुकान चालतं, हे मात्र कबूल. एरवी महिनोन् महिने कोणाला आपल्या आईबापाच्या लग्नाची आठवण येत नाही. मुलाची हळद ठरली की येते. मग पोटमाळ्यावरच्या पिशव्या खाली उतरतात आणि लोक माझ्यासमोर कॅसेटी ओततात. व्हिडिओच्या त्या जाड काळ्या कॅसेटी. वर स्केचपेननं लिहिलेलं, 'शुभविवाह', आणि आत पांढरी बुरशी. आमच्या ठाण्याच्या हवेत माणसाच्या हाडाला बुरशी येते, तिथं कॅसेटीचं काय घेऊन बसलात? मी ती उघडते, फीत पुसते, जुन्या व्हीसीआरमध्ये घालते आणि चित्र कम्प्युटरवर उतरवून घेते. 'ताई, पेनड्राइव्हवर द्या, मोठ्या स्क्रीनवर लावायचंय,' असं म्हणत गिऱ्हाईक उभंच असतं.

उतरवायचं काम मी ज्यावर करते ते सॉफ्टवेअर फुकटचं आहे. फुकटचं म्हटलं की लोकांची नाकं मुरडतात. मुरडू द्या. आधी मी विकतचं वापरायचे. त्याला सुंदर बटणं होती, निळी-हिरवी, आणि वर्ष संपलं की ते नवरीच्या कपाळावर स्वतःचं नाव छापायचं. पुन्हा पैसे भरा, मग पुसतो म्हणे. मी ते काढून फेकलं. आताच्याला बटणच नाही. काळी चौकट उघडते, तिच्यात एक ओळ लिहायची: हे आत घे, त्याचं असं कर, तिथे ठेव. बस्स. ते कुठल्याही जातीची फाइल आत घेतं, कोणाला दारातून परत पाठवत नाही. जगभरातली कोण कुठली माणसं, आपापल्या घरात बसून, एकमेकांशी भांडत भांडत ते लिहितात आणि पोटातलं सगळं उघडं ठेवतात. बघा, वापरा, बदला, पुढच्याला द्या. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना. इतकी चांगुलपणाची गोष्ट असेल तर खाली बारीक अक्षरात काहीतरी असणार म्हणून मी शेवटपर्यंत वाचत गेले. खालीही तेच लिहिलेलं.

ह्या कॅसेटींची एक खोड सांगते. त्या काळचे शूटिंगवाले मोठे हौशी. नवरीला बदामात घालायचे, नवऱ्याला कमळात, आणि सासूबाईंना फिरत्या ताटलीत. ते ठीक. पण मिक्सिंग करताना हे बाबा हळदीचा खरा आवाज साफ पुसून टाकायचे आणि वरून सिनेमाची गाणी चढवायचे. का? तर गोंगाट वाटतो. त्यामुळे आमच्या गावाकडच्या प्रत्येक कॅसेटमध्ये एक दृश्य ठरलेलं: मांडवाच्या मधोमध पाटावर बसलेली एक बाई, नऊवारी, कपाळभर कुंकू, तोंड हलतंय, मानेच्या शिरा ताणल्यात, डोळे मिटलेत, आणि आवाज येतोय कोणत्यातरी हिरॉइनचा. असं मी किती वेळा बघितलंय. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून निघायचं, मेल्यांनो!

ती बाई म्हणजे माझी हिरूआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण.

आत्या धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही आगरी. शीळफाट्यापलीकडच्या मानपाड्याच्या मागं आमचं गाव, आता टॉवरच्या पायाशी बसलंय. आमच्यात लग्नाचे विधी धवला नावाचं गाणं बोलून होतात आणि तो बोलणारी बाईच असते. पूर्वी तर लग्नही तीच लावायची. देवांना नावं घेऊन बोलावणं तिचं, पितरांना बोलावणं तिचं, जात्याला, उखळाला, उंबराच्या फांदीला, हळदीला सांगणं तिचं. पोथी नाही, कागद नाही. आत्यानं तिच्या सासूकडून घेतलेलं, सासूनं अजून कोणाकडून. कोणी लिहिलं ते कोणालाच माहीत नाही आणि आजवर कोणी विचारलंही नाही.

आणि त्यात एक नियम होता, आत्याचा लाडका. आधी शब्द, मग हात. ती 'हळद कुटा' असं गाण्यात बोलली की मगच मुसळ उचलायचं. 'पायाला लावा' बोलली की मगच बोटं वाटीत. कोणी उतावीळ सुवासिनीनं आधीच हात घातला तर आत्या गाता गाता डोळा उघडून असं बघायची की त्या बाईची हळद वाटीतच राहायची. लहानपणी मी हे तिच्या मांडीला टेकून बघितलंय. ओल्या हळदीचा वास, मांडवाच्या आंब्याच्या पानांचा वास, आत्याच्या पदराला तंबाखूचा वास, आणि हळद घेऊन हवेत थांबलेले पाच बायकांचे हात. लहान पोरं काय, मोठे पुरुष काय, सगळे त्या हातांकडे बघत गप्प उभे असायचे. कोणाचीही हूं की चूं नसायची.

गेल्या वर्षीच्या सराईच्या तोंडावर आत्या मोरीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठाण्यात झालं, म्हणून तिला माझ्याकडे वर्तकनगरला आणली. डॉक्टर म्हणाले, हलवायचं नाही, गाडीत तर बसवायचंच नाही. आणि गावाला जायचं म्हणजे शीळफाट्यावरून. तिथल्या खड्ड्यांत धडधाकट माणसाची हाडं जागची हलतात. इकडे माझ्या भावाच्या मुलीची, प्रणालीची हळद ठरलेली, गावाला, घरच्या मांडवात. आमच्या घरातली एकही हळद आत्याशिवाय लागली नव्हती. माझी लागली ती तिच्याच आवाजात, दादाचीही तिच्याच.

दादा मला म्हणाला, "मंदे, आता आत्याचं झालं. लोकं हळदीला नाचायला येतात. डीजेवाल्याकडे धवल्याचं रिमिक्स आहे, ते लावू दोन मिनिटं. परंपरा पण झाली, पब्लिक पण खूश."

खाटेवरून आवाज आला, "मना काय झालाय रं? पाय मोरलाय माजा. गला नाय मोरला."

दादा काही मानला नाही. मानली ती प्रणाली. ऐरोलीला कंपनीत जाते, कानात सदान् कदा ती इअरफोनची पांढरी बोंडं, मला वाटायचं हिला कशाचं काही नाही. ती संध्याकाळी ऑफिसातून थेट माझ्याकडे आली, आत्याच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "मंदाआत्या, हिरूआजी बोलली नाही तर मी हळदच लावून घेणार नाही. सीरियसली. पप्पांना सांग." आत्यानं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नंतर प्रणाली गेल्यावर भिंतीकडे तोंड करून आत्या रडली. मी बघितलंय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरी हळदीनं पिवळ्या केल्या आणि घरच्या पोरीच्या वेळी आपण जुन्या भांड्यासारखं माळ्यावर जायचं, ह्याचं दुःख होतं ते. मी तिथंच ठरवलं. हळद आत्याच्याच आवाजात लागेल, आणि तिच्या जिवंत आवाजात.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण आमची नवरी चांगली नाकीडोळी नीटस असूनही विघ्नं आलीच.

पहिलं विघ्न असं. माझ्या लग्नाच्या हळदीची एक कॅसेट माझ्याकडे होती, मिक्सिंग न झालेली. शूटिंगवाल्याशी माझ्या वडिलांचं भांडण झालं आणि त्यांनी ती कच्चीच उचलून आणलेली. म्हणून तिच्यात खरा आवाज राहिला. सगळ्या जगात हिरूआत्याचा धवला असलेली ती एकच कॅसेट. मी ती उतरवली, काळ्या चौकटीत ओळ लिहून बुरशीची खरखर थोडी कमी केली, फार नाही, आणि नातेवाइकांनी ऐकावी म्हणून एका मोठ्या व्हिडिओच्या साइटवर टाकली. मनात होतं, लोकांचे कान तयार होतील, मग त्याच साइटवरून हळदीच्या दिवशी आत्याला थेट दाखवता येईल. चहा ठेवून परत येते तो निरोप हजर. हा आवाज दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचा आहे. व्हिडिओ बंद.

मालकीचा? मी त्या कंपनीचं गाणं शोधून काढलं. खाली ढोल, वर किंचाळणारा बासरीवाला कीबोर्ड, आणि मध्ये माझी आत्या. माझ्याच हळदीतली. कशावरून म्हणाल? त्यात मध्येच कोणीतरी खोकतं. तो माझा धाकटा काका! त्याला तेव्हा खोकला झालेला आणि त्याला कितीही डोळे वटारले तरी तो कॅमेऱ्याच्या मागंच उभा होता. शूटिंगवाल्याकडे नक्कल राहिली असणार, ती कोणीतरी उचलली, ढोल चढवला आणि मालक झाले. आयत्या बिळावर नागोबा! काकाच्या खोकल्यावरसुद्धा ह्यांचा हक्क. मी तक्रार केली, खोकल्याचा मिनिट-सेकंद लिहून. मशीननं उत्तर दिलं, तपासलं, दावा खरा आहे. वर मलाच शिक्षा, काही दिवस तुम्हाला थेट प्रक्षेपण करता येणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मी इतकी चिडले की नवऱ्यानं, रमेशनं, जेवणाचं ताट पुढं सरकवलं ते मी परत त्याच्याकडे सरकवलं. तो शांत माणूस. म्हणाला, "साधा व्हिडिओ कॉल करू ना. एवढं काय?"

केला. दादाच्या घरी प्रणालीनं फोन धरला, इकडे आत्या बोलायला लागली. पहिला शब्द पोचला. दुसऱ्या शब्दाला आत्यानं सूर लांबवला, तसा तिकडे आवाज गायब. तिनं श्वास घेतला की परत यायचा, सूर धरला की गायब. मी वाचलं तेव्हा कळलं, ही कॉलची ॲपं माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि एकसारखा लांब आवाज आला की त्याला पंखा समजून पुसून टाकतात. ऐकलंत? फोनच्या मते माझी आत्या पंखा. शूटिंगवाल्याच्या मते गोंगाट, साइटच्या मते चोरी, दादाच्या मते दोन मिनिटांचं रिमिक्स. प्रत्येक जण मध्ये बसून ठरवणार की ह्या बाईच्या तोंडून काय निघालं. मी म्हटलं, गेले सगळे उडत. मध्ये कोणी नकोच.

आणि मध्ये कोणी नको असेल तर काय करायचं, ते माझ्या त्याच फुकटच्या सॉफ्टवेअरला येत होतं. इतकी वर्षं मी त्याच्याकडून नुसत्या कॅसेटी उतरवून घेत होते. ते आवाज दूरवर वाहूनही नेतं, पाटाच्या पाण्यासारखा, थेट. आत्याच्या खाटेशी माईक आणि लॅपटॉप. तिथून आवाज माझ्या दुकानातल्या जुन्या कम्प्युटरवर. तिथून गावच्या मांडवातल्या दुसऱ्या लॅपटॉपवर आणि स्पीकरमध्ये. हा आवाज की तो पंखा असं ते विचारत नाही, कोणाचा म्हणून दाखला मागत नाही. मिळालं ते पोचवतं. शिकायला मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू. ओळीत एक टिंब चुकलं तरी ते सरळ नाही म्हणतं. पण माझ्याआधी कोणीतरी नेमकं तसंच अडकलेलं असायचं, आणि त्याला अजून कोणीतरी उत्तर दिलेलं असायचं. कुठले कुठले लोक, नावंसुद्धा खरी नसतात त्यांची. एकानं मला समजावलं की मधली जोडणी तुटली तरी आवाज सोडून द्यायचा नाही, साठवून ठेवायचा, आणि जुळली की तुटला तिथूनच पुढे द्यायचा, हे कसं सांगायचं. मी त्याला लिहिलं, हे माझ्या भाचीच्या लग्नासाठी आहे. त्यानं लिहिलं, नवरीला शुभेच्छा.

रंगीत तालमीला काकू, वहिनी आणि शेजारच्या बायका दादाच्या ओटीवर बसल्या, वाटीत हळदीच्या जागी बेसन. आत्याला तिकडचं दिसावं म्हणून तिच्यापुढं मी एक फोन ठेवला. इथे माझी फजिती झाली. आवाज सुंदर पोचला, सगळा, तंबाखूच्या घोगरेपणासकट, पण थोडा उशिरा. आणि चित्रही उशिरा. आत्या बोलते 'पायाला लावा', तोवर समोरच्या फोनमध्ये बायका अजून नुसत्या बसलेल्या. ती वाट बघते. शेवटी ती पुढचं बोलायला घेते, तेव्हा कुठे फोनमध्ये मागच्या शब्दाचे हात चालतात. वहिनीचा हात वर जातो, आणि आत्याला वाटतं की नवा शब्द पुरा व्हायच्या आधीच हात चालला. दोनदा तिनं डोळे वटारले, तिकडं कोणाला दिसणार? तिसऱ्यांदा तिनं माईक बाजूला ढकलला.

"मी काय पोस्टमन हाय? काम झाल्याव चिठी घेऊन येवाला?"

दादा तिकडून ओरडला, "बघ, सांगत होतो. रेकॉर्ड कर आणि लाव. संपला विषय."

मी मुकाट काळ्या चौकटीपुढं बसले. आकडे बदलले, उशीर कमी झाला, पण गेला नाही. तो जाणारच नव्हता. वाट लांबची म्हणजे वेळ लागणार. मला रडू येत होतं आणि रडायचंही नव्हतं. आत्या सगळं बघत पडलेली. शेवटी तीच म्हणाली, "त्यो फोन उचल. मना मांडव दावू नको."

"अगं, मग तुला कळणार कसं, तिकडं काय चाललंय?"

"मना कशाला कलायला हवा? मांडव मना पाठ हाय. मी सांगन, त्यांनी कराचा. मी थांबाचा का त्यांनी थांबाचा? आधी शबूद, मंग हलद."

खरंच की. उशीर ही अडचण कोणाची होती? जो हाताच्या मागून जातो त्याची. आत्या कधी हाताच्या मागून गेलीच नव्हती. मग सगळी मेहनत मांडवात करायची होती, आणि ती एकच: गप्प बसायचं. शब्द येईपर्यंत हात हलवायचा नाही, तोंड हलवायचं नाही, आणि डीजेची वायर काढून ठेवायची. शेवटच्यासाठी मी दादाशी जे भांडले ते इथे लिहीत नाही. मी जिंकले एवढंच सांगते.

हळदीच्या संध्याकाळी रमेश आत्याच्या खाटेशी बसला, आणि मी गावाला मांडवात, लॅपटॉप मांडीवर घेऊन, पाटाच्या शेजारी. पाट रिकामा ठेवलेला. आत्याची जागा. त्यावर मी स्पीकर ठेवला नाही, तो बाजूला. पाटावर काकूनं आत्याची तंबाखूची डबी ठेवली. प्रणाली पिवळ्या साडीत बसली. आणि वर्तकनगरहून, शीळफाटा ओलांडून, माझी आत्या बोलायला लागली.

मांडवातल्या तरण्या पोरांनी हा आवाज असा कधी ऐकलाच नव्हता. ज्यानं ऐकला त्यानं नेहमी काहीतरी वरून चढवलेलाच ऐकलेला. आता वरून काही नव्हतं. तिनं गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, मीठ पिकायचं त्या आगरांना बोलावलं, जिथे आता पार्किंग आहे. आमच्या गेलेल्या माणसांना एकेक करून बोलावलं, त्यात माझे वडील होते. दादानं तोंड फिरवलं. हात शब्दाची वाट बघायचे, शब्द यायचा, हात चालायचे. जातं फिरलं, मुसळ पडलं. वाट्या भरल्या, बायकांनी हळदीत बोटं बुडवून हात वर धरले, प्रणालीच्या पायांवर.

आणि आवाज तुटला. अर्ध्या शब्दात.

मांडवात पाहुणे वाढलेले, प्रत्येक जण मोबाइलवर, जोडणी गेली. स्क्रीनवर नुसतं ते गोल फिरतंय. दोन खुर्च्या सरकल्या, कोणीतरी हसलं. दादानं डीजेवाल्याला खूण केली. त्या बहाद्दरानं वायर कधी जोडून ठेवली देव जाणे, एक 'धम्म' झालंही.

प्रणालीनं हात वर केला. "पप्पा, बंद."

"अगं, पण—"

"बंद म्हणजे बंद. आजी बोलतेय."

बोलत कुठे होती? मांडवात शांतता होती. पण एकाही बाईनं हात खाली घेतला नाही. हळद मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळत होती, काकूचा हात थरथरत होता, वयच झालंय तिचं, तरी तिनं दुसऱ्या हातानं तो खालून धरून ठेवला. पोरं उठली नाहीत. सगळा मांडव त्या हवेतल्या हातांकडे बघत बसला, मी लहानपणी बघायचे तसा. मी काहीही केलं नाही. ओळीत जे सांगायचं ते सांगून झालं होतं. साठव, सोडू नकोस.

मग आत्याचा आवाज आला, तुटलेल्या शब्दाच्या उरलेल्या अर्ध्यापासून. एक अक्षर गळलं नव्हतं. शब्द पुरा झाला आणि हात खाली आले. प्रणालीच्या पायाला हळद लागली तेव्हा ती, माझी कानात बोंडं घालणारी भाची, हुंदके देऊन रडली, आणि मीही. दादा मांडवाच्या खांबाशी उभा होता. डीजेच्या पेटीची वायर त्यानं स्वतः उपटून हातात धरली होती.

नंतर रमेशनं सांगितलं, तिकडे आत्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती थांबलीच नव्हती. मांडवात तिचा आवाज प्रणालीच्या खांद्याला हळद लावत होता, तेव्हा वर्तकनगरला तिचा धवला केव्हाच पुरा झाला होता आणि ती विचारत होती, "च्या झाला का?"

पुढचा सगळा पावसाळा आत्या माझ्याकडे होती. खाटेवरून तिनं मला धवला सांगितला, तुकड्या तुकड्यानं, दुपारी, मी दुकान बंद करून आले की. मी माईक लावून उतरवून घेत होते. माझा आवाज फाटक्या स्पीकरसारखा, शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या, म्हणून मी म्हटलं, "आत्या, मला काही जमणार नाही. पण काळजी नको. तू आता माझ्याकडे सगळी आहेस. कोणाचीही हळद असू दे, मी तुला लावीन."

आत्या माझ्यावर अशी उखडली की पाय मोडलाय हे विसरून उठायला गेली. "माजी क्यासेट लावाची नाय! आयकलास? शिकाला घे, कोनाला पन दे. मांडवान लावाची नाय."

"पण का?"

"क्यासेटीसाठी कोन थांबतं गो? ती बोलनारच हाय. जित्या मानसासाठी थांबतान."

भाद्रपदात ती गेली. शांतपणे वगैरे नाही, नर्सशी भांडून, पण गेली.

तिचा सगळा धवला आता माझ्या त्या जुन्या कम्प्युटरवर आहे, दुकानात, उघडा. कोणीही ऐका, उतरवून घ्या, शिका, बदला, तुमच्या गावचे देव घाला. शिळगावच्या दोन मुलींनी घेतलाय. पनवेलकडून एकीनं निरोप पाठवला, आमच्याकडे ही ओळ वेगळी आहे. मी म्हटलं, वेगळीच बोल. त्या कंपनीचं रिमिक्स अजून आहे तिथंच, काकाच्या खोकल्यासकट. असू दे. त्यांच्याकडे एक हळद आहे. आमच्याकडे धवला आहे.

आणि काच पुन्हा थरथरायला लागली. यंदा प्रणालीच्या धाकट्या भावाची हळद. दादाचा फोन आला. मला वाटलं, डीजेचं काहीतरी काढणार. तो नुसता म्हणाला, "मंदे, पाट मांडलाय."

काल संध्याकाळी, आत्याचा धवला ऐकून ऐकून पाठ करून, मी त्या पाटावर बसले. लॅपटॉप नाही, माईक नाही. समोर भाचा, उघड्या अंगानं, लाजलेला. शेजारी प्रणाली, सातवा महिना. मी डोळे मिटले आणि माझा तो आवाज काढला. कोणीतरी फिसकन् हसलं. हसा. मी गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं, आगरांना बोलावलं. माणसांना बोलावताना वडिलांचं नाव घेतलं, आणि पुढचं नाव हिरूआत्याचं होतं. त्या नावाशी मी अडखळले. सूर गेला, शब्द गेला, पुढचं काही आठवेना.

मांडव गप्प. मागे कुठेतरी काका खोकला.

मी डोळे उघडले. बायकांचे हळदीचे हात हवेत तसेच होते. काकूचा थरथरत होता, तिनं दुसऱ्या हातानं खालून धरलेला. हळद कोपरापर्यंत ओघळलेली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सावकाश बोल गो. आमी थांबलाव."